गेटाजवळचा फळा: जुन्या इंग्रजी गाण्यांच्या तारखा कशा जमवाव्यात, कशा लिहाव्यात

मी रेल्वेत मालगाडीचा गार्ड होतो. आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, आमच्या वेळी गार्डच. २०१७ साली रिटायर झालो आणि त्याच पावसाळ्यात भुसावळच्या घराच्या गेटाला एक फळा टांगला. त्यावर रोज सकाळी एक तारीख लिहितो: जुन्या पॉप आणि रॉक गाण्यांच्या दुनियेत आजच्या दिवशी काय घडलं. शाळेत जाणारी पोरं सायकल थांबवून वाचतात, दूधवाला वाचतो. समोरच्या आजींना वाचता येत नाही. त्या ओट्यावरूनच विचारतात, "गार्डबाबा, आज काय लिखेल शे?" मग त्यांना वाचून दाखवतो. अमळनेर, चाळीसगाव, शहाद्याकडच्या ओळखीच्या लोकांना आपापल्या कॉलनीत असा फळा लावायचा आहे. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

लहानपणी रेल्वे क्वार्टरमध्ये आमच्या भिंतीला भिंत लागून एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर राहायचे. रविवारी दुपारी ते रेकॉर्ड प्लेअर खिडकीपाशी आणायचे. मला त्या गाण्यांतला एक शब्द कळत नसे. पण रेकॉर्ड संपली की ते कव्हर उलटं करून सांगायचे, हे गाणं कुठल्या गावात भरलं (म्हणजे रेकॉर्ड केलं), कुठल्या साली, तेव्हा गाणाऱ्याचं वय काय होतं. एवढं ऐकून तीच रेकॉर्ड पुन्हा लावली की गाणं वेगळंच लागायचं. फळ्याचं कामही तेवढंच आहे. तारीख वाचून माणसाला गाणं ऐकावंसं वाटलं पाहिजे, आणि ऐकताना त्या तारखेतलं काहीतरी कानाला सापडलं पाहिजे. ज्या तारखेत ऐकण्यासारखं काही नाही ती कितीही गाजलेली असो, मी फळ्यावर घेत नाही.

सुरुवात वहीपासून करा. फळा नंतर आणा. चारशे पानांचं जाड रजिस्टर घ्या, प्रत्येक पानाच्या डोक्यावर एक तारीख टाका, १ जानेवारीपासून ३१ डिसेंबरपर्यंत. पानं ३६६ होतात, कारण २९ फेब्रुवारीलाही पान द्यायचं. (माझ्याकडे त्या पानावर मंकीज या बँडचा गायक डेव्ही जोन्स आहे, तो २९ फेब्रुवारी २०१२ ला गेला.) पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे पक्कं, उजवीकडे कच्चं. कुठे वाचलं, कुणी फोनवर पाठवलं, रेडिओवर ऐकलं, ते सगळं आधी उजवीकडे जाईल. डावीकडे यायला त्याला तीन गोष्टी लागतात: दिवस-महिना-वर्ष पुरं हवं, त्या दिवशी नेमकं काय झालं ते कळलं पाहिजे, आणि ते कुठल्या देशात झालं तेही. गार्डाच्या जर्नलमध्ये गाडी कुठल्या स्टेशनला किती वाजता आली, किती वाजता सुटली, मध्ये का थांबली हे मिनिटासकट लिहावं लागतं. तिथे 'साधारण' चालत नाही. तीच शिस्त इथे लावा. पहिले तीन महिने फक्त वही भरा.

आमच्या घरात वाढदिवस तिथीने लक्षात ठेवायचे. आईचा जन्म आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशीचा, बस, साल कुणाला ठाऊक नव्हतं. त्यात आमचं काही अडलं नाही. पण रेकॉर्डीच्या बाबतीत तारीख ढिली धरली तर गोष्टच बदलते, कारण एकाच गाण्याला चार-चार तारखा असतात. एक ते स्टुडिओत भरलं त्या दिवसाची, एक रेकॉर्ड दुकानात आली त्या दिवसाची, एक दुसऱ्या देशात आली तेव्हाची, एक टीव्हीवर दिसलं तेव्हाची. मायकल जॅक्सनचं मूनवॉक घ्या, पुढे चालल्यासारखं दाखवत मागे सरकायचं ते. ज्या कार्यक्रमात त्याने ते केलं त्याचं चित्रीकरण २५ मार्च १९८३ ला झालं, अमेरिकेने ते टीव्हीवर पाहिलं १६ मेला. दोन्ही तारखा खऱ्या आहेत. मात्र २५ मार्चच्या पानावर 'साऱ्या अमेरिकेने मूनवॉक पाहिलं' लिहिलं तर ते खोटं. फळ्यावर क्रियापद नेमकं हवं: भरलं, निघालं, दिसलं, वाजलं.

बीटल्स या इंग्लिश बँडच्या 'सार्जंट पेपर' या रेकॉर्डीची तारीख मी पहिल्या वर्षी १ जून १९६७ अशी लिहिली. गल्लीतली कॉलेजात जाणारी एक मुलगी संध्याकाळी आली आणि म्हणाली, काका, इंग्लंडात ती २६ मेलाच दुकानात आली होती. मी तपासलं. तिचं बरोबर होतं. ठरलेली तारीख १ जून, पण माल आधीच, २६ मेला, बाजारात सोडला होता. दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर वरच्या ओळीत दुरुस्ती लिहिली आणि खाली त्या दिवसाची तारीख. चूक झाली की अशीच उघड दुरुस्त करा. त्या दिवसापासून ती मुलगी माझ्या वहीची उजवी बाजू तपासते. असा एक दुसरा डोळा शोधून ठेवा, शक्यतो वयाने लहान, म्हणजे तो भीडभाड न ठेवता सांगेल.

मग येतो रात्रीचा प्रश्न. नाईट ड्यूटीवर बारा वाजले की जर्नलमध्ये तारीख बदलते, हे हाताला इतकं बसलेलं असतं की मी प्रत्येक परदेशी घटनेला आपली वेळ लावून पाहतो. तुम्हीही लावा. बीटल्समधल्या जॉन लेननला गोळ्या घातल्या ८ डिसेंबर १९८० ला, न्यूयॉर्कमध्ये रात्री अकराला दहा कमी असताना. तेव्हा आपल्याकडे ९ तारखेची सकाळ होती, नऊ वाजून वीस मिनिटं. तारीख तिथलीच, ८ डिसेंबर लिहायची, पण खाली एक ओळ टाकायची: तेव्हा भुसावळात सकाळ होती. त्या एका ओळीने लांबची गोष्ट जवळ येते. १३ जुलै १९८५ ला लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर लाइव्ह एड ही मदतीची मैफल झाली, आणि क्वीन हा बँड संध्याकाळी पावणेसातच्या सुमाराला रंगमंचावर आला, जेमतेम वीस-एकवीस मिनिटं. आपल्याकडे रात्रीचे सव्वाअकरा. माझ्या जुन्या डायरीत त्या रात्री माझी मालगाडी रावेरला लूपवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभी आहे, मेलला पुढे काढायला. मी ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गार्डाच्या डब्यात, बसून केळीच्या बागांकडचा वारा खात असेन, आणि त्याच घडीला तिकडे बहात्तर हजार माणसं एका माणसाच्या हातवाऱ्यावर टाळ्या वाजवत होती. मी दरवर्षी ती दोन्ही वाक्यं लिहितो. तुमच्याकडे जुनी डायरी असेल, घरच्या लग्नाची पत्रिका असेल, पोराच्या जन्माची नोंद असेल, तर ती वहीत शेजारी लिहून ठेवा.

आता निवड कशी करायची. एका पानावर आठ-दहा गोष्टी जमतात, फळ्यावर एकच जाते. मी ४ ऑगस्टचं उदाहरण देतो, कारण वहीतलं माझं सगळ्यात आवडतं पान तेच आहे.

४ ऑगस्ट १९२७ ला अमेरिकेतल्या ब्रिस्टल गावी जिमी रॉजर्स नावाच्या माणसाने आयुष्यातली पहिली दोन गाणी भरली. गाव दोन राज्यांच्या सीमेवरचं, स्टुडिओ म्हणजे टोप्या विकणाऱ्या कंपनीच्या इमारतीतली तात्पुरती जागा. हा माणूस रेल्वेत ब्रेकमन होता. गाडीचे ब्रेक आणि कपलिंग सांभाळणारा, म्हणजे आमच्याच जातकुळीचा. क्षयाने रेल्वे सुटली आणि गाणं हाती राहिलं. त्या दोन गाण्यांतलं एक म्हणजे 'स्लीप, बेबी, स्लीप', साधी अंगाई. पण ओळ संपली की तो छातीच्या आवाजातून एकदम पातळ आवाजात उडी मारतो, आणि उडी मारताना गळा जिथे पलटतो ती जागा लपवत नाही, उलट तीच ऐकवतो. याला यॉडलिंग म्हणतात. सहा वर्षांनी, २६ मे १९३३ ला, पस्तिसाव्या वर्षी तो गेला. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या रॉक अँड रोलच्या सन्मानदालनाने पहिल्यांदा नावं निवडली, तेव्हा पहिल्याच यादीत, ज्यांच्यामुळे हे संगीत घडलं अशा पूर्वसुरींमध्ये, त्याचं नाव घेतलं.

त्याने पहिलं गाणं भरलं त्याला बरोबर दोन वर्षं झाली त्या दिवशी, ४ ऑगस्ट १९२९ ला, खंडव्याला किशोरकुमार जन्मला. खंडवा आमच्याच डिव्हिजनचं स्टेशन, शेकडो वेळा गाडी घेऊन गेलोय. मोठा भाऊ अनूपकुमारकडच्या रेकॉर्डी ऐकून किशोर यॉडलिंग शिकला आणि त्यांत जिमी रॉजर्सच्या होत्या, असं त्याच्याबद्दल नेहमी सांगतात. त्या संध्याकाळी मी आधी अंगाई लावतो, लगेच किशोरचं यॉडलिंग असलेलं कुठलंही गाणं. पहिल्या वर्षी आजी अंगाई ऐकून म्हणाल्या, "कोन व्हता हाऊ?" रेल्वेवाला होता म्हटल्यावर त्या ओट्यावरून उठून फळ्याजवळ आल्या.

हे पान चांगलं का आहे ते पाहा. त्यात गाव आहे, धंदा आहे, कानाने पकडता येईल अशी एक गोष्ट आहे, आणि आपल्या स्टेशनापर्यंत येणारा रूळ आहे. प्रत्येक पानात चारही मिळणार नाहीत. कानाची गोष्ट मात्र हवीच. लांबच्या गाण्याला हिंदी गाण्याचा पूल मिळाला तर तो जरूर वापरा. ॲबा या स्वीडिश चौकडीने ६ एप्रिल १९७४ ला ब्रायटनला युरोव्हिजन ही गाण्यांची स्पर्धा जिंकली, हे इथे कुणाला सांगून उपयोग नाही. पण त्यांचं 'मम्मा मिया' लावलं की 'मिल गया हमको साथी'ची चाल ओळखून लोक आपणहून पुढे येतात.

क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी, त्याची तारीख ५ सप्टेंबर, जन्म १९४६ चा, झांझिबारचा. त्या दिवशी आपल्याकडे शिक्षक दिन, म्हणून मी त्याच्या शाळेबद्दल लिहितो: हा मुलगा पाचगणीला बोर्डिंगात शिकला, पियानो शिकला, तिथेच पोरांचा पहिला बँड केला. घरचं आडनाव बुलसारा, म्हणजे बुलसारचे, म्हणजे आजच्या वलसाडचे. आपल्या जळगाव-नंदुरबार-सुरत लाइनने गेलं की सुरतेच्या पुढे तासाभरावर ते स्टेशन लागतं. हे वाचून नंदुरबारकडचे पाहुणे हमखास थांबतात.

आपल्या तारखा आणि त्यांच्या तारखा एकमेकींवर येतात, तेव्हा विचार करावा लागतो. ३ डिसेंबरला बीटल्सची 'रबर सोल' इंग्लंडात निघाली, साल १९६५, त्यात जॉर्ज हॅरिसनने सतार वाजवलीय. पण ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या, आणि त्यांचं गाव असोदा इथून किती लांब? म्हणून पहिली ओळ बहिणाबाईंची, मग खाली सतारीची. १ ऑगस्टला टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठ्यांची जयंती, त्यांची नावं आधी. त्याखाली १९७१ ची न्यूयॉर्कची बांगलादेशसाठीची मैफल, जिथे रविशंकरांनी सतार नुसती जुळवली तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्यांनी हसून म्हटलं की जुळवणंच इतकं आवडलं तर वाजवणं त्याहून आवडेल. ती जुळवण्याची मिनिटं रेकॉर्डवर आहेत, तीच ऐकवा. २५ जूनला आमच्या गल्लीत कपिलदेवशिवाय काही चालत नाही आणि चालू नये.

३० जानेवारीचं मात्र मी वेगळं ठरवलंय. १९६९ मध्ये त्या दिवशी बीटल्स लंडनच्या सॅव्हिल रो रस्त्यावर आपल्या ऑफिसच्या गच्चीवर चढले आणि थंडीत ४२ मिनिटं वाजवलं, लोकांसमोरचं त्यांचं शेवटचं. सुरुवात तिथल्या साडेबाराच्या सुमाराची. आपली वेळ काढायला गेलो तर हिवाळा म्हणून साडेपाच तास मिळवायचे, असं वाटतं. पण त्या काळात ब्रिटनने वर्षभर घड्याळ एक तास पुढेच ठेवलं होतं, १९७१ पर्यंत. म्हणजे मिळवायचे साडेचार तास. आपले संध्याकाळचे पाच. आणि १९४८ मध्ये त्याच तारखेला, पाच वाजून सतरा मिनिटांनी, बिर्ला हाउसच्या बागेत गांधीजींना गोळ्या घातल्या. हा हिशेब वहीत मांडला तेव्हा पेन खाली ठेवला होता. त्या दिवशी फळ्यावर फक्त गांधीजींचं नाव आणि वेळ असते. गच्चीवरचं गाणं ३१ तारखेला, 'काल'ने सुरू होणारं. तुम्ही तुमच्या गावात काय कराल ते तुमचं तुम्ही ठरवा, पण ठरवलेलं दरवर्षी तसंच ठेवा.

मृत्यूच्या तारखा जपून वापरा. रॉकच्या इतिहासात तरुणपणी गेलेले फार आहेत, आणि फळा वाचणारी निम्मी पोरं दहावी-बारावीची असतात. ३ फेब्रुवारी १९५९ ला विमान पडून बडी हॉली, रिची व्हॅलेन्स आणि बिग बॉपर हे तीन अमेरिकन गायक गेले, यांतला व्हॅलेन्स १७ वर्षांचा. मी अपघाताला एकच शब्द देतो आणि उरलेली जागा त्याच्या 'ला बाम्बा'ला: मेक्सिकोचं जुनं लोकगीत एका पोराने गिटारवर कसं उचललं. गेलेला माणूस काय वाजवून गेला ते लिहा. कसा गेला याचा तपशील पोरांना नको.

आता फळा. तीन फूट बाय दोन फूट पुरतो, उत्तरेच्या भिंतीला लावा. आपल्याकडच्या मे महिन्यात दक्षिण-पश्चिमेला लावलेल्या फळ्यासमोर कुणी उभं राहत नाही. खडू साखरेच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून ओला असतानाच लिहा, वाळल्यावर अक्षर ठसठशीत उठतं आणि येता-जाता बाही लागली तरी पुसत नाही. सकाळी सातच्या आत लिहून झालं पाहिजे. ओळी पाचच. माझा ४ ऑगस्टचा फळा असा असतो:

४ ऑगस्ट १९२७, ब्रिस्टल, अमेरिका.
रेल्वेत ब्रेकमन असलेल्या जिमी रॉजर्सने पहिली गाणी भरली.
गाणं: 'स्लीप, बेबी, स्लीप'. अंगाई.
ऐका: ओळ संपताना गळा कसा पलटतो.
दोन वर्षांनी याच दिवशी खंडव्याला किशोरकुमारचा जन्म.

पहिल्या ओळीत तारीख आणि गाव, दुसरीत माणूस आणि त्याने काय केलं, तिसरीत गाणं, चौथीत कानाला काम, पाचवीत आपलं नातं. 'महान', 'अजरामर', 'सुप्रसिद्ध' हे शब्द मी वापरत नाही, जागा खातात. नावं मराठीत जशी बोलली जातील तशी लिहा आणि वहीच्या शेवटी यादी ठेवा, नाहीतर एकच माणूस जूनमध्ये 'हेंड्रिक्स' आणि सप्टेंबरमध्ये 'हॅन्ड्रिक' होतो.

संध्याकाळी चहाच्या वेळी दहा मिनिटं ओट्यावर छोटा स्पीकर ठेवतो. पूर्ण रेकॉर्ड लावू नका, चौथ्या ओळीत सांगितलेली जागाच ऐकवा, दोनदा. आवाज रस्त्याच्या पलीकडे जाणार नाही इतका. परीक्षेच्या दिवसांत स्पीकर बंद, फळा चालू.

२२ फेब्रुवारीला मात्र आवाज थोडा वाढवतो. १९६७ मध्ये त्या दिवशी लंडनच्या स्टुडिओत बीटल्सच्या 'अ डे इन द लाइफ'चा शेवटचा सूर भरला. लेनन, मॅकार्टनी, रिंगो आणि त्यांचा मदतनीस, सगळ्यांनी मिळून तीन पियानोंवर एकाच वेळी हात टाकले आणि पट्ट्या दाबूनच ठेवल्या. सोबत त्यांचा निर्माता जॉर्ज मार्टिन याची पेटी. सूर विरत चालला तसा रेकॉर्ड करणाऱ्याने माइकचा आवाज वाढवत नेला, म्हणून तो चाळीस सेकंदांहून जास्त ऐकू येतो, आणि अगदी शेवटी कुणाची तरी खुर्ची करकरते. पोरांना ओट्यासमोर उभं करायचं, सूर सुरू झाला की सगळ्यांनी हात वर करायचे, ज्याला ऐकू यायचं थांबेल त्याने हात खाली घ्यायचा. पंचवीस सेकंदांपर्यंत सगळे हात वर असतात. मग एकेक खाली येतो, आणि उरलेली पोरं डोळे मिटून घेतात. खुर्ची ऐकली असं सांगणारा एखादाच निघतो, त्याच्यासाठी पुन्हा लावायचं. याला पूर्ण शांतता लागते. आमचं घर यार्डाजवळ आहे, म्हणून मी आधी रुळांकडे बघतो. मालगाडी येत असेल तर ती सगळी जाऊ द्यायची, घाई करायची नाही, आणि शेवटच्या डब्यावरची पाटी नजरेआड झाली की मगच गाणं लावायचं.